हिरडीचे ठिगळ जगते कशावर?

निरोगी हिरडी दाताच्या मानेला घट्ट बिलगलेली असते. दाताचा मुकुट आणि मूळ जिथे मिळतात त्या रेषेच्या किंचित मुकुटाकडच्या अंगाला तिची कड असते. ही कड मुळाकडे सरकली की मूळ उघडे पडते. मुळावर इनॅमलचे कवच नसते, त्यामुळे थंड पाण्याची कळ थेट मस्तकात जाते. दात लांबट दिसू लागतो आणि उघड्या भागाला कीड लवकर धरते. हिरडी उतरण्याचा हा दोष इतका सावकाश वाढतो की पहिली कळ येईपर्यंत अनेकांना त्याचा पत्ताच नसतो.

कारणे बहुधा एकात एक गुंतलेली असतात. सुळे आणि खालचे पुढचे दात यांवरचे हाड मुळातच पातळ असते, काही ठिकाणी ते नसतेही. त्यावर कडक ब्रश आडवा घासला की हिरडी झिजते. दात ओळीबाहेर आलेला असेल किंवा ओठाचा पडदा हिरडीला ओढत असेल, तर झीज वाढते. कीटण साचून हिरडीला सूज येणे हेही मोठे कारण आहे, त्यात हिरडीखालचे हाडही विरघळत जाते. तंबाखूचा वाटा वेगळा सांगायला हवा. महाराष्ट्रात आणि गोव्यात मशेरी बोटाने हिरड्यांवर घासली जाते. उत्तर प्रदेशातल्या झाशीच्या भागात चुना मळलेली खैनी ओठाआड धरतात. तंबाखूची गोळी ज्या जागी रोज बसते, नेमकी तिथलीच हिरडी उतरलेली आढळते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ मध्ये आणि उत्तर प्रदेशात २०१३ मध्ये बंदी आली, पण मशेरी आणि खैनी घराघरांत राहिल्या.

निदानाला फारशी सामग्री लागत नाही. झाशीच्या सिव्हिल लाइन्ससारख्या वस्तीतल्या साध्या दवाखान्यातही आरसा, क्ष-किरण यंत्र आणि मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई, म्हणजे प्रोब, एवढ्यावर काम भागते. प्रोब हलक्या हाताने दात आणि हिरडी यांच्या फटीत सरकवतात. तीन मिलिमीटरपर्यंतची फट सामान्य मानतात. त्यापुढे कप्पा तयार झाला असे समजतात. हिरडी तीन मिलिमीटर उतरलेली आणि फट दोन मिलिमीटरची असेल, तर त्या दाताचा आधार पाच मिलिमीटरने घटला आहे. नुसते बघून हा आकडा कळत नाही, म्हणून प्रोब न लावता केलेले निदान अर्धेच समजावे. फटीतला प्रोब हिरडीतून आरपार दिसला तर हिरडी पातळ आहे. कडेपासची टणक, गुलाबी पट्टी किती रुंद उरली आहे, हेही मोजतात.

सर्वांत निर्णायक माप मात्र उतरलेल्या जागेवर घेत नाहीत. ते दोन दातांच्या मधल्या सांध्यात घेतात. १९८५ मध्ये मिलर यांनी या दोषाचे चार वर्ग पाडले होते. २०११ मध्ये कैरो आणि सहकाऱ्यांनी तीन प्रकारांची नवी मांडणी केली आणि आज तीच रूढ आहे. मधला आधार शाबूत असेल तर पहिला प्रकार. मधली हानी दर्शनी बाजूइतकी किंवा तिच्याहून कमी असेल तर दुसरा. मधली हानी अधिक असेल तर तिसरा. पहिल्या प्रकारात मूळ पूर्ण झाकले जाण्याची आशा धरता येते, दुसऱ्यात ती कमी होते आणि तिसऱ्यात पूर्ण झाकणे शक्य होत नाही.

याचे कारण रक्तात आहे. उघड्या मुळाच्या पृष्ठभागावर रक्तवाहिनी नसते. तिथे बसवलेल्या हिरडीच्या तुकड्याला खालून काहीच मिळत नाही, त्याचे पोषण कडांकडून, म्हणजे दोन दातांमधल्या जिवंत ऊतींकडून होते. पहिले दोन-तीन दिवस तो आसपासच्या ऊतींतून झिरपणाऱ्या द्रवावर तगतो, मग कडेच्या केशवाहिन्या त्यात शिरू लागतात. मधला भाग खचलेला असेल तर ही वाटच बंद होते. हिरडीच्या शस्त्रक्रियांचा इतिहास बराचसा ही वाट राखण्याचा इतिहास आहे.

या तत्त्वाचे एक जुने उदाहरण पुण्याजवळचे आहे. टिपू सुलतानाच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी या गाडीवानाला तिथल्या एका शस्त्रकाराने कपाळाच्या त्वचेचे नवे नाक बसवले. त्वचेचा तुकडा पूर्ण न तोडता भुवयांमधून जोडलेला ठेवला होता, म्हणून त्याला रक्त मिळत राहिले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकीकत छापून आली आणि युरोपीय शल्यचिकित्सेला नवी दिशा मिळाली.

१९५६ मध्ये ग्रूप आणि वॉरन यांनी शेजारच्या दाताची हिरडी एका बाजूने जोडलेली ठेवून उघड्या मुळावर सरकवली. तत्त्व तेच होते. साठच्या दशकात टाळूवरून पूर्ण सुटा तुकडा काढून शिवण्याची पद्धत आली. तिने हिरडी जाड होई, पण तुकडा मुळावर टिकेलच याची खात्री नसे आणि टाळूचा फिकट रंग वेगळा उठून दिसे. दरम्यान १९७५ मध्ये कारिंग, लँग आणि लो यांनी माकडांवरील प्रयोगांतून दाखवले की वरच्या आवरणाचा स्वभाव खालची संयोजी ऊती ठरवते. म्हणजे टाळूचा वरचा थर घेण्याची गरजच नव्हती. १९८५ मध्ये लँगर आणि लँगर यांनी टाळूच्या आतली संयोजी ऊती तेवढी काढून ती हिरडीच्या फ्लॅपखाली, म्हणजे सोडवून उचललेल्या पदराखाली, ठेवली. आता तुकड्याला वरून फ्लॅपचे आणि बाजूंनी हाडावरच्या आवरणाचे असे दुहेरी रक्त मिळू लागले. रंगही जुळला. ही पद्धत आजही मापदंड मानली जाते.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया जागा बधिर करून होते. आधी मूळ घासून स्वच्छ करतात. मग हिरडीचा फ्लॅप उचलून त्याच्या आतले ताठर आवरण छेदतात, जेणेकरून तो ताण न पडता मुकुटाकडे सरकेल. ताणाने शिवलेला फ्लॅप मागे हटतो, म्हणून या टप्प्यावर घाई नको. संयोजी ऊती सुळा आणि पहिली मोठी दाढ यांच्या समोरच्या टाळूतून घेतात. मागे टाळूची मोठी रोहिणी असल्याने चिरेची खोली जपावी लागते. काही तज्ज्ञ फ्लॅप उचलण्याऐवजी हिरडीखाली बोगदा करून त्यातून तुकडा सरकवतात, त्यामुळे दातांमधली टोके कापली जात नाहीत.

हिरडी वाढून दात झाकू लागणे हा उलटा दोष. फेनिटोइन, अॅम्लोडिपिन, सायक्लोस्पोरिन या औषधांनी तो होतो. शक्य तिथे औषध बदलून, उरलेली वाढ छाटून तो दुरुस्त करतात.

कीटण न काढता, मधुमेह आटोक्यात नसताना किंवा तंबाखू चालू असताना ठिगळाची शस्त्रक्रिया करू नये. निकोटिन रक्तवाहिन्या आवळते आणि तुकड्याला तर त्यांचाच आधार असतो. शस्त्रक्रियेनंतर सुमारे दोन आठवडे त्या जागी ब्रश लावत नाहीत, क्लोरहेक्सिडिनच्या चुळा भरतात. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात. पुढे मऊ ब्रशने हिरडीकडून दाताच्या टोकाकडे घासायला शिकवतात. सहा महिन्यांनी पुन्हा प्रोब लावून मापे घेतात. काही रुग्णांत हिरडी त्यानंतरही वर्षभरात थोडी आपोआप चढते. तिसऱ्या प्रकारच्या रुग्णाला पूर्ण झाकण्याचे आश्वासन देता येत नाही, तिथे कळ थांबवणे आणि पुढची झीज रोखणे एवढेच उद्दिष्ट ठेवतात.