गाडी चुकली की आपण?

धापा टाकत डोंबिवलीचा जिना उतरावा आणि डोळ्यांदेखत जलद लोकल सुटावी. आपण म्हणतो, 'गाडी चुकली.' व्याकरणाने चूक गाडीच्या माथी! हाच माणूस ऑफिसला कळवताना 'माय ट्रेन मिस्ड' लिहितो आणि फसतो. इंग्रजीत गाडी कुणालाही 'मिस' करत नाही, माणूस तिला करतो: 'आय मिस्ड द ट्रेन.'

मग 'मिस' म्हणजे चुकवणे? हा गैरसमज जास्त महागात पडतो. कर चुकवतात, नजर चुकवतात. चुकवण्यात हेतू असतो. 'मिस'मध्ये तो सहसा नसतो. 'आय मिस्ड द मीटिंग' म्हटलं की हजर राहणं जमलं नाही, एवढंच कळतं. मुद्दाम टाळली असेल तर 'स्किप्ड'. साहेबांना यातलं काय सांगायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

आठवण येणे या अर्थाच्या 'मिस'ची गोष्ट वेगळी. 'मला तुझी आठवण येते' यात येते ती आठवण. आपण नुसते 'मला'. फ्रेंचांचंही तसंच. 'त्यु मं मांक' म्हणजे शब्दशः 'तू मला उणा आहेस'. म्हणून नवशिका फ्रेंच माणूस 'यू मिस मी' म्हणून बसतो आणि अर्थ उलटतो. आपण वाचलो, कारण 'मी तुला मिस करते' हे आपण इंग्रजीच्या चालीवरच उचललं. ते मराठी आहे का, यावर डोंबिवलीच्या फडके रोडवर दिवाळी पहाटेला वाद घालता येईल.

'आय ॲम मिसिंग यू' चूक आहे, असं बजावणारे शिक्षक भेटतात. ते चूक नाही. इंग्रज सर्रास तसं बोलतात. चुकतं ते 'आय मिस टू लिव्ह इन डोंबिवली'. तिथे 'लिव्हिंग' हवं.

ठाण्यात घंटाळी मंदिराचा पत्ता सांगताना कुणी 'यू कान्ट मिस इट' म्हटलं, तर तो 'चुकवू नका' असा आग्रह नसतो. 'समोर दिसेलच,' एवढाच दिलासा.

शाळेतल्या 'मिस'चा मात्र याच्याशी काही संबंध नाही. तो शब्द 'मिस्ट्रेस'वरून आखडला. क्रियापद जुन्या इंग्रजीतलं, 'मिसान'.

आणि 'पोचलास की मिस कॉल दे'? मूळ अर्थाने मिस्ड कॉल घेणाऱ्याकडून राहून जातो, तो देता येत नाही. आपण मात्र तो मोजून दोन रिंगांत देतो.