स्कॅनर चालतो, ड्रायव्हर नाही

ठाण्यात खोपटच्या एसटी स्थानकाच्या आसपास फिरा. झेरॉक्सची दुकाने, वकिलांची छोटी कार्यालये, सोसायट्यांच्या कचेऱ्या, कुठल्या ना कुठल्या माळ्यावर जुना फ्लॅटबेड स्कॅनर धूळ खात असेल. त्याची काच शाबूत असते, दिवा लागतो, मोटरही फिरते. संगणक तेवढा बदललेला असतो. विंडोज ११ ची ३२ बिटी आवृत्तीच निघालेली नाही. म्हणजे ज्या स्कॅनरसाठी कंपनीने फक्त ३२ बिटी ड्रायव्हर काढला होता, तो तिथे मुकाच राहणार. धडधाकट यंत्र असे भंगारात जाताना पाहून मला वाईट वाटते, आणि त्यावर इलाज आहे म्हणून जास्तच वाटते.

स्कॅनरच्या काचेखाली सरकणाऱ्या पट्टीत प्रकाशसंवेदक एका ओळीत बसवलेले असतात. लहान यंत्रांत लाल, हिरवा, निळा असे एलईडी आळीपाळीने लागतात, एक ओळ वाचून होते, स्टेपर मोटर पट्टी केसभर पुढे नेते. ए४ कागद ३०० डीपीआयने रंगीत वाचायचा तर २४८० गुणिले ३५०८ बिंदू, सुमारे २.६ कोटी बाइट. दिवा किती वेळ लावायचा, मोटरचा वेग किती पायऱ्यांनी वाढवायचा, काळ्या-पांढऱ्याची पातळी कुठे धरायची, हे स्वस्त स्कॅनरला संगणकच सांगतो. त्यासाठी चिपमधल्या क्रमांकित कप्प्यांत, म्हणजे रजिस्टरांत, आकडे भरले जातात. कोणत्या कप्प्यातला आकडा काय करतो, हे बहुतेक कंपन्या सांगत नाहीत.

डेव्हिड मोसबर्गर आणि अँडी बेक यांनी १९९६ च्या सुमारास सुरू केलेल्या ‘सेन’ या स्कॅनर चालवण्याच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात पडद्यावरचा प्रोग्रॅम वेगळा आणि स्कॅनरशी बोलणारा भाग वेगळा ठेवला आहे. नव्या मॉडेलसाठी फक्त हा दुसरा भाग लिहायचा असतो. पण तो लिहायला यंत्राची आज्ञावली हवी, आणि ती तारेवरून ऐकून मिळवावी लागते.

मूळ ड्रायव्हर विंडोजवर चालवायचा आणि यूएसबीतून जाणारे बाइट यूएसबीपीकॅप या प्रोग्रॅमने टिपायचे. किंवा लिनक्सवरच्या आभासी यंत्रात जुने विंडोज चालवून लिनक्सच्या यूएसबीमॉनने. ती नोंद वायरशार्क या प्रोग्रॅममध्ये उघडली की आज्ञांचे छोटे निरोप आणि चित्राचे मोठे गठ्ठे वेगवेगळे दिसतात. पुढची पद्धत प्रयोगशाळेतली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. इंचभर पट्टी ७५ डीपीआयने घ्यायची, मग तीच १५० ने. दोन नोंदींत जे आकडे बदलले, त्यांचा संबंध रिझोल्यूशनशी असण्याची शक्यता मोठी. मग रंगीतऐवजी करडे चित्र. मग अंदाज बांधून आकडा स्वतः पाठवून पाहायचा. इथे जपून, मोटरच्या वेगाचे आकडे चुकले तर पट्टी टोकाला जाऊन आदळते.

मला मात्र ड्रायव्हरपेक्षा यातून उभे राहणारे टिपण मोलाचे वाटते. कोडमध्ये आकडा असतो. तो का, हे बहुधा नसते. तैवानच्या जेनेसिस लॉजिकची जीएल८४३ चिप कॅननच्या कॅनोस्कॅन ४४००एफमध्ये आहे, तशीच एचपीच्या स्कॅनजेट जी४०५० मध्येही. एका डब्यावर कष्ट करून लिहिलेले टिपण दुसऱ्या कंपनीच्या डब्याला कामी येते ते यामुळे. हल्ली वायफायवर चालणारी पुष्कळ यंत्रे ईएससीएल या सामायिक प्रोटोकॉलने बोलतात, त्यांना याची गरज पडत नाही. माळ्यावरच्यांना पडते.

ड्रायव्हरचे बोलणे असे टिपणे कायद्यात बसते का? कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये १९९९ च्या दुरुस्तीने स्पष्ट सोय केली. प्रोग्रॅम कायदेशीररीत्या ज्याच्याकडे आहे, त्याने स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्रॅम इतरांशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक ती माहिती मिळवली, आणि ती एरवी सहज मिळत नसेल, तर तो हक्कभंग नाही. प्रोग्रॅमच्या कामाचे निरीक्षण, अभ्यास, चाचणी यांनाही मुभा आहे. कंपनीचा कोड उचलून वाटणे मात्र यात येत नाही. टिपणात यंत्र कसे वागते ते लिहावे.

ठाण्यातल्या अभियांत्रिकीच्या मुलांना शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी याहून चांगला विषय मला सुचत नाही. आधी ‘सेन’च्या यादीत मॉडेल शोधा, पुष्कळदा ते चालत असल्याचेच कळेल. नसेल तर चार स्क्रू काढून चिपवरचा छाप वाचा, लिनक्सवर एलएसयूएसबीची आज्ञा देऊन यंत्राचा ओळखक्रमांक पाहा, आणि दोन्ही गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून मगच पहिली नोंद टिपायला घ्या.