रॉयल एनफील्ड बुलेट

रॉयल एनफील्ड बुलेट ही एका सिलिंडरच्या, चार-स्ट्रोक इंजिनाची मोटारसायकल आहे. इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफील्ड कंपनीने १९३२ साली हे नाव प्रथम वापरले. भारतात १९५५ पासून मद्रास (आजचे चेन्नई) येथे या गाडीची जुळणी व पुढे संपूर्ण निर्मिती होऊ लागली, आणि ती आजही चालू आहे. ताठ बसण्याची पद्धत, रुंद हँडल, गोल दिवा, उघडे इंजिन आणि वाऱ्यापासून आडोसा देणाऱ्या कवचाचा अभाव ही 'स्टँडर्ड' प्रकारच्या मोटारसायकलीची सर्व लक्षणे बुलेटमध्ये आढळतात.

बाह्य रूप फारसे न बदलल्यामुळे बुलेट म्हणजे एकच गाडी असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात या नावाने तीन अगदी वेगवेगळी यंत्रे विकली गेली. ती चालवण्याची रीत, त्यांची देखभाल आणि त्यांतील धोकेही भिन्न आहेत. जुनी बुलेट विकत घेणाऱ्याची निराशा बहुधा हा फरक ठाऊक नसल्यामुळे होते.

इतिहास

दुसऱ्या महायुद्धानंतर बुलेटची रचना नव्याने करण्यात आली. १९४९ सालच्या प्रतिकृतीत मागील चाकाला स्विंगआर्म व शॉक ॲबसॉर्बर बसवलेले होते. त्या काळी अनेक मोटारसायकलींचे मागचे चाक सांगाड्यालाच घट्ट जोडलेले असे, त्यामुळे ही सोय मोठी होती. स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्याला सीमेवरील गस्तीसाठी मोटारसायकल हवी होती. त्यासाठी १९५४ साली ३५० सीसीच्या ८०० बुलेटची मागणी नोंदवण्यात आली. पुढच्या वर्षी मद्रास मोटर्सच्या सहकार्याने 'एनफील्ड इंडिया' स्थापन झाली. १९५७ मध्ये भाग घडवण्याची यंत्रसामग्री इंग्लंडहून आली आणि १९६२ पर्यंत सर्व भाग भारतात बनू लागले.

मूळ इंग्लिश कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडली. मद्रासचा कारखाना मात्र जवळजवळ त्याच साच्यांवर काम करीत राहिला आणि १९७७ पासून त्याने इंग्लंडलाच बुलेट निर्यात करण्यास आरंभ केला. १९९० मध्ये आयशर समूहाने कंपनीत प्रवेश केला, १९९४ मध्ये ती त्या समूहात विलीन झाली आणि त्यानंतर 'रॉयल एनफील्ड' हे नाव परत आले.

तीन इंजिने

पहिले, आणि सर्वांत दीर्घायुषी, इंजिन 'कास्ट आयर्न' म्हणून ओळखले जाते. नाव पूर्णतः अचूक नाही, कारण त्याचा सिलिंडर तेवढा बिडाचा असून वरचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. क्षमता ३४६ सीसी, बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी आणि शक्ती सुमारे १८ अश्वशक्ती. गिअरबॉक्स इंजिनापासून स्वतंत्र असून त्यात चार गिअर आहेत. शतक बदलण्याच्या सुमारास एव्हीएल या ऑस्ट्रियन संस्थेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम सिलिंडरचे एक मधले इंजिनही आले, पण ते काही मोजक्या प्रतिकृतींपुरते राहिले आणि पहिल्याचीच सुधारित आवृत्ती होते.

दुसरे, यूसीई, २००८ पासून टप्प्याटप्प्याने आले. बोअर व स्ट्रोक तेच ठेवून इंजिन व गिअरबॉक्स एकाच आवरणात आणण्यात आले आणि टॅपेटमधील अंतर आपोआप राखणारी हायड्रॉलिक योजना त्यात बसवण्यात आली. यानंतर २०१० च्या सुमारास बिडाच्या इंजिनाची निर्मिती थांबली. तिसरे, 'जे' मालिकेतील इंजिन बुलेटमध्ये २०२३ साली बसवण्यात आले. त्याची क्षमता ३४९ सीसी असून बोअर ७२ मिमी व स्ट्रोक ८५.८ मिमी आहे. त्यात कॅमशाफ्ट हेडमध्ये आहे आणि कंप मारण्यासाठी बॅलन्सर शाफ्ट दिलेला आहे.

बोअरपेक्षा स्ट्रोक मोठा असलेल्या इंजिनाला 'लाँग स्ट्रोक' म्हणतात. बुलेटमध्ये त्याला जड फ्लायव्हीलची जोड आहे. परिणामी इंजिन फेरे सावकाश घेते, पण कमी फेऱ्यांतही ओढ सोडत नाही. चढावर वेग मंदावला तरी गाडी लगेच धडधडून बंद पडत नाही, ती रेटत राहते. प्रसिद्ध 'डुगडुग' आवाजाचे कारणही यातच आहे. चार-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एक स्फोट होतो. मिनिटाला ९०० फेऱ्यांवर उभी असलेली गाडी सेकंदाला साधारण साडेसात स्फोट करते. हे ठोके कानाला सुटेसुटे ऐकू येण्याइतके विरळ आहेत.

याच रचनेची दुसरी बाजू म्हणजे कंप. एकाच पिस्टनचे वरखाली जाणारे वस्तुमान फ्लायव्हीलवरील वजनाने अंशतःच तोलता येते. पूर्ण तोलू गेल्यास तेच हादरे आडव्या दिशेने प्रकट होतात. पहिल्या दोन इंजिनांत बॅलन्सर नसल्याने वेग वाढला की हँडल आणि पायटे थरथरतात, नटबोल्ट सैल होतात, नंबरप्लेटला चिरा पडतात. बिडाच्या इंजिनाची बुलेट ताशी ६० ते ७० किमीवर मनासारखी चालते. महामार्गावर तिला तासन्‌तास १०० च्या जवळ ठेवणे हा चालकाचा नव्हे, तर यंत्राचा छळ होय.

किक मारण्याची रीत

बिडाच्या इंजिनाला केवळ जोर लावून किक मारणारा बहुधा फसतो. पिस्टन योग्य जागी नसेल तर किक उलटी बसते आणि पोटरीला किंवा घोट्याला इजा होऊ शकते. यासाठी गाडीवर दोन साधने आहेत: दिव्याच्या आवरणावरील अँपिअर मीटर आणि डिकॉम्प्रेसरची लहान कळ. चावी फिरवल्यावर सीबी पॉइंट मिटलेले असतील तर मीटरचा काटा डावीकडे झुकतो. किक हळूहळू खाली नेत राहिल्यास एका क्षणी ती घट्ट लागते आणि काटा मध्यावर येतो. येथे पिस्टन दाबाच्या माथ्यावर पोहोचलेला असतो. डिकॉम्प्रेसर दाबून कोंडलेली हवा सोडायची, किक किंचित पुढे न्यायची, कळ सोडायची, किक पुन्हा वर येऊ द्यायची आणि मग शरीराचा भार देऊन एकच पूर्ण किक मारायची. त्या वेळी ॲक्सिलरेटर पिळू नये. थंडीत चोक लागतो.

ही रीत साधली की बारीक चणीची व्यक्तीही बुलेट सुरू करते, आणि न साधल्यास पहिलवानही घामाघूम होतो. पुढे बटण-स्टार्ट आल्यावर हे ज्ञान अनावश्यक ठरले. बॅटरी उतरलेली असेल त्या दिवशी मात्र जुन्या गाडीच्या मालकाला ते अजूनही उपयोगी पडते.

उलटे पाय

बिडाच्या इंजिनाच्या बहुतेक बुलेटमध्ये गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला आहे. शिवाय पहिला गिअर वर उचलून व पुढचे तीन खाली दाबून पडतात. इतर गाड्यांची सवय असलेल्यासाठी ही बाब गंभीर आहे. अचानक कोणी आडवे आले की त्याचा उजवा पाय सवयीने 'ब्रेक' दाबतो. बुलेटवर त्या दाबाने वरचा गिअर पडतो, आणि गाडी मंदावण्याऐवजी इंजिनाचा रोधही कमी होतो. उलट गिअर उतरवण्याच्या हेतूने डावा पाय दाबल्यास मागचे चाक जागीच अडकू शकते. म्हणून अशी गाडी नवीन चालकाने प्रथम मोकळ्या मैदानात, किमान काही दिवस चालवावी, आणि दोन प्रकारच्या गाड्या आलटून पालटून वापरणाऱ्याने अधिक सावध असावे. घरातील एकाची सवय दुसऱ्याला नसते, त्यामुळे 'जरा चक्कर मारून येतो' म्हणणाऱ्याच्या हाती चावी देताना हे सांगणे मालकाचे कर्तव्य ठरते.

गिअरबॉक्समध्ये दोन गिअरांच्या मध्ये खोटे न्यूट्रल लागण्याची खोडही आहे. त्याच गिअरबॉक्सवर टाचेने दाबण्याचा एक वेगळा खटका असतो. पहिला सोडून कोणत्याही गिअरमधून तो थेट न्यूट्रलवर आणतो. सिग्नलला त्याचा फार उपयोग होतो.

जुन्या बुलेटचे ड्रम ब्रेक आजच्या वाहतुकीला अपुरे आहेत, हे मान्य करूनच ती चालवावी लागते. ताम्हिणी, वरंधा किंवा आंबोलीसारख्या घाटात उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्या रोधावर उतरवणे हाच सुरक्षित मार्ग आहे. लाँग स्ट्रोक इंजिन येथे चांगली साथ देते. सतत दाबलेला ड्रम तापून त्याची पकड सुटते, आणि पावसात पाणी शिरल्यास ती पहिल्या काही क्षणांत मिळतच नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले.

देखभाल

बिडाच्या इंजिनाच्या गाडीत तेल तीन ठिकाणी वेगवेगळे असते: इंजिनात, क्लचच्या बाजूच्या चेनकेसमध्ये आणि गिअरबॉक्समध्ये. यांपैकी इंजिनाचे तेल सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला रोलर बेअरिंग नसून तरंगता बुश आहे. स्वच्छ तेलावर तो वर्षानुवर्षे टिकतो. मळकट तेल आणि दीर्घकाळचा अतिवेग एकत्र आले की तो झिजतो, खालून खणखणीत ठोका येऊ लागतो आणि इंजिन पूर्ण खोलण्यावाचून इलाज राहत नाही.

टॅपेटची तपासणी मालकाने स्वतः शिकून घ्यावी. इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन दाबाच्या माथ्यावर आणून, सिलिंडरच्या उजव्या बाजूचे झाकण उघडायचे. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, परंतु वरखाली हलता कामा नये. फिरतच नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. हलत असेल तर टकटक ऐकू येते. या दोहोंत टकटक कमी हानिकारक आहे. 'आवाज बंद करा' असा आग्रह धरणारे ग्राहक आणि तो लगेच पुरवणारे मिस्त्री मिळून कित्येक व्हॉल्व्ह जाळतात.

तेलगळतीविषयी बरेच विनोद प्रचलित आहेत. गाडीखाली पडणारे दोन-चार थेंब सहन करता येतात, पण वाहती धार हा बिघाडच आहे. अनेक आठवडे उभी राहिलेली गाडी सुरू होताना धूर सोडते. टाकीतील तेल क्रँककेसमध्ये पाझरलेले असते, आणि काही मिनिटांत धूर थांबल्यास घाबरण्याचे कारण नाही. सुटे भाग आजही मिळतात. पुण्यातील नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रस्ता व दिल्लीचे करोल बाग ही त्यांची ठिकाणे आहेत. मात्र नकली भागांचे प्रमाण मोठे असल्याने मिस्त्री निवडण्याइतकीच काळजी दुकान निवडतानाही घ्यावी लागते.

जुनी बुलेट घेताना

प्रथम इंजिन व चेसिसवरील क्रमांक आरसीशी ताडून पाहावेत. रंग, क्रोम व सीट नवे करून देणे सोपे आहे, पण क्रमांक न जुळल्यास गाडी पुढे कोणाच्याही नावावर होत नाही. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी करून नूतनीकरण करावे लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. बिडाच्या इंजिनाच्या जवळपास सर्व गाड्या आता या मर्यादेपलीकडे गेल्या आहेत. परराज्यातील गाडी असल्यास ना-हरकत प्रमाणपत्राशिवाय पैसे देऊ नयेत.

पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून 'व्हिंटेज' नोंदणीची सोय आहे. अशा गाडीच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात. ती प्रदर्शन, रॅली, देखभाल वा इंधन भरणे अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज कामावर जाण्यासाठी गाडी हवी असेल तर ही नोंदणी घेऊ नये.

आवाजाचा प्रश्न

मूळ सायलेन्सर लावलेली बुलेट कायदेशीर मर्यादेत असते. १७५ सीसीवरील दुचाकीसाठी निर्मितीच्या वेळची मर्यादा ८० डेसिबल आहे. त्रास होतो तो सायलेन्सर बदलल्यामुळे, किंवा त्यातील 'पुंगळी' काढून टाकल्यामुळे. असे केल्याने शक्ती वाढते ही समजूत बहुधा चुकीची आहे. कार्ब्युरेटर नव्याने जुळवला नाही तर मिश्रण बिघडते, इंजिन तापते आणि ॲक्सिलरेटर सोडताच फटाके फुटतात. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी असे जप्त सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत. रुग्णालये व वस्त्यांजवळून मध्यरात्री जाणाऱ्या थोड्या चालकांमुळे मूळ स्थितीतील गाडीच्या मालकालाही नाक्यावर थांबवले जाते, ही अनेक मालकांची तक्रार आहे व ती रास्त आहे.

लोकजीवनात

सैन्य व पोलीस यांच्या वापरामुळे बुलेटला अधिकाराचे वलय लाभले. ग्रामीण महाराष्ट्रात ती दीर्घकाळ पाटील, बागायतदार व पुढारी यांची गाडी मानली गेली. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' (२०१६) या चित्रपटात बड्या घरची आर्ची बुलेट चालवते. तिचे घराणे आणि तिचा बिनधास्तपणा या दोन्ही गोष्टी प्रेक्षकाला त्या गाडीवरून वेगळ्या न सांगता कळतात. भारतीय सैन्याच्या सिग्नल कोअरचे 'डेअर डेव्हिल्स' हे पथक बुलेटवरच मनोरे रचते. राजस्थानात पालीजवळ तर ओम बन्ना यांच्या अपघातातील बुलेट काचेआड ठेवलेली असून येणारेजाणारे वाहनचालक तेथे थांबून नमस्कार करतात.