विहीर, आग आणि गांवाचें मौन

गुन्ह्याच्या कथेंत सामान्यतः दोन प्रश्न असतात: खून कोणीं केला, आणि तो उघडकीस कसा आला? जॉन स्टर्जेस यांनीं दिग्दर्शित केलेला, १९५५ सालीं प्रदर्शित झालेला ‘बॅड डे ॲट ब्लॅक रॉक’ हा अमेरिकन बोलपट तिसराच प्रश्न विचारतो. एका माणसाचें पाप सबंध गांव कां लपवितें?

कथेचा काळ १९४५ सालचा. महायुद्ध नुकतेंच संपलेलें. ब्लॅक रॉक या वाळवंटांतील काल्पनिक खेड्यांत चार वर्षांत आगगाडी थांबलेली नाहीं. तेथें मॅक्रीडी नांवाचा, डावा हात निकामी झालेला गृहस्थ उतरतो. ही भूमिका स्पेन्सर ट्रेसी या नटाची आहे. कोमोको या जपानी शेतकऱ्याची तो चौकशी करतो, आणि गांवकऱ्यांचे चेहरे पालटतात. हॉटेलांत खोली देण्यास टाळाटाळ होते. त्यानें दिलेली तारहि भलत्याच्या हातीं पडते.

हळूहळू उलगडा होतो. रेनो स्मिथ या गांवच्या पुढाऱ्यानें कोमोकोला जमीन खंडानें दिली, ती तेथें पाणी लागणार नाहीं या खात्रीनें. कोमोकोनें विहीर खणली व पाणी लागलें! तेथेंच मत्सर रुजला. ७ डिसेंबर १९४१ रोजीं पर्ल हार्बरवर हल्ला झाला. दुसऱ्या दिवशीं सैन्यभरतींत नाकारला गेलेला स्मिथ सोबत्यांसह दारू प्याला. त्यांनीं कोमोकोचें घर पेटविलें, आणि बाहेर आलेल्या म्हाताऱ्यास स्मिथनें गोळी घातली. मत्सरानें देशभक्तीचा अंगरखा घातला तो असा. आणि मॅक्रीडी कशासाठीं आलेला असतो? इटलींत त्याचे प्राण वांचवितांना कोमोकोचा मुलगा मेला. त्याचें पदक बापाच्या हातीं देण्यासाठीं!

कथा काल्पनिक असली तरी तिची भूमि खरी आहे. कॅलिफोर्नियांत १९१३ च्या कायद्यानें जपानी स्थलांतरितांस शेतजमिनीची मालकी नाकारली होती. १९ फेब्रुवारी १९४२ च्या रूझवेल्ट यांच्या हुकुमानें जपानी वंशाच्या सुमारें १,२०,००० लोकांना घरेंदारें सोडावीं लागलीं; त्यांपैकीं सुमारें दोनतृतीयांश जन्मानें अमेरिकन नागरिक होते. त्याच वंशाच्या तरुणांची ४४२ वी रेजिमेंट मात्र अमेरिकेसाठीं इटलींत लढत होती. बोलपटाचें चित्रण लोन पाइन या गांवाजवळ झालें. तेथून सुमारें १० मैलांवर मांझनार आहे. याच छावणींत यांपैकीं कांहीं लोक कांटेरी तारांमागें ठेवलेले होते.

बोलपटांत एक उणीवहि आहे. कोमोको किंवा त्याचा मुलगा पडद्यावर क्षणभरहि दिसत नाहीं. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांची कैफियत दुसराच मांडतो. तथापि दोषी एकटा स्मिथ नव्हे, ज्यांनीं पाहिलें आणि तोंड मिटलें तेहि, हें बोलपट स्पष्टपणें सांगतो.

अखेरीस मॅक्रीडी तें पदक गांवालाच देतो. प्रत्यक्षांत अमेरिकन सरकारनें क्षमा मागण्यास १९८८ साल उजाडलें. हयात असलेल्या प्रत्येक पीडितास २०,००० डॉलर देण्याचें ठरलें. तोंवर अनेक वृद्ध निवर्तले होते. मौनाचें व्याज फेडतां येतें. मुद्दल मात्र फिटत नाहीं.