खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयाचा मासिक खर्च : ‘भर’ आणि ‘पालट’ यांतील भेद

घरात खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय ठेवण्यास दरमहा किती खर्च येतो, हा प्रश्न दिसण्यात साधा आहे, आणि त्याचे उत्तर एका आकड्यात मिळावे अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते. परंतु नंदुरबार जिल्ह्यासारख्या समुद्रापासून दूर, वैशाखात कडक तापणाऱ्या व पौषात रात्री गारठणाऱ्या प्रदेशात असा एक आकडा संभवत नाही. जो सांगितला जातो त्यात बहुधा दोन भिन्न क्रिया एकाच नावाखाली मोडलेल्या असतात. हिशेबातील या घोटाळ्याचे मूळ अंकगणितात कमी आणि शब्दांत अधिक आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१. समुद्राची प्रतिकृती

‘ॲक्वेरियम’ हा शब्द मूळ लॅटिनमध्ये गुरांच्या पाणवठ्याचा वाचक होता. त्यास आजचा अर्थ रूढ करून देण्याचे श्रेय मुख्यतः फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गाभ्यासकास दिले जाते. हेच नाव धारण करणारा त्याचा ग्रंथ १८५४ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्याच वर्षी लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले होते. लंडन शहर समुद्रकाठी वसलेले नाही. तेव्हा काही क्षार गोड्या पाण्यात मिसळून समुद्राचे पाणी घरीच तयार करता येईल काय, याचा विचार गॉसला करावा लागला, आणि तशी कृतीही त्याने प्रसिद्ध केली.

आपल्याकडे १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय मुंबईत मरीन ड्राइव्हवर, म्हणजे समुद्राच्या दाराशीच उभारले गेले. नंदुरबारच्या शौकिनाची स्थिती मात्र गॉसच्या लंडनकरासारखी आहे. प्रकाशा, सारंगखेडा या गावांवरून वाहणारी तापी पुढे सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते खरी. पण समुद्र काही तापीच्या उलट दिशेने येत नाही. तो क्षारांच्या पिशवीतून विकत आणावा लागतो.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरीने ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी सुमारे ५५ टक्के क्लोराइड व ३१ टक्के सोडियम असून उरलेल्या भागात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादी घटक येतात. स्वयंपाकाचे मीठ पाण्यात टाकले तर चव खारट होईल, परंतु मॅग्नेशियम व कॅल्शियम यांच्या अभावी ते पाणी समुद्राचे होणार नाही. म्हणून तयार क्षारमिश्रण वापरावे लागते. त्यात थोडा ओलावाही असल्याने लिटरमागे ते ३६ ते ४० ग्रॅम लागते. पुढील हिशेबासाठी आपण ३८ ग्रॅम धरू.

२. ‘पाणी घालणे’ या शब्दप्रयोगातील दोन अर्थ

उदाहरणादाखल ९० से.मी. लांब, ४५ से.मी. रुंद व ४५ से.मी. उंच अशी काचपेटी घेऊ. तिचे घनफळ १८२ लिटर भरते. दगड, वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता १५० लिटर पाणी राहते असे मानू.

या पेटीत दोन कारणांनी पाणी घालावे लागते. पहिले कारण बाष्पीभवन. पाण्याचा पृष्ठभाग ०.४०५ चौरस मीटर असल्याने पातळी दिवसाला ५ मि.मी. उतरली, तर दोन लिटर पाणी उडाले असे होते. म्हणजेच महिन्याला सुमारे ६० लिटर. दुसरे कारण माशांच्या विष्ठेतून व उरल्यासुरल्या खाद्यातून साठणारे नायट्रेटसारखे पदार्थ. ते कमी करण्यासाठी आठवड्यास १५ लिटर जुने पाणी काढून तितकेच नवे घालावे लागते. तेही महिन्याला ६० लिटर होते.

दोन्ही ठिकाणी पाणी साठच लिटर, आणि दोन्ही क्रियांस आपण बोलताना ‘पाणी घातले’ असेच म्हणतो. परंतु बाष्पीभवनात केवळ पाणी जाते, क्षार मागे राहतात. पाणी बदलताना पाण्यासह क्षारही बाहेर जातात. म्हणून पहिल्या तुटीत गोडे पाणी घालावयास हवे आणि दुसऱ्या तुटीत खारे. पहिल्या क्रियेस ‘भर’ आणि दुसरीस ‘पालट’ अशी नावे द्यावीत, असे आम्ही सुचवितो. दोन्ही शब्द मराठीत पूर्वीपासून आहेत. येथे त्यांचा अर्थ फक्त निश्चित करावयाचा आहे.

हा भेद न पाळल्यास काय होते ते पाहा. भरीसाठी खारे पाणी वापरल्यास महिन्यात ६० गुणिले ३८, म्हणजे २ किलो २८० ग्रॅम मिश्रण विनाकारण पेटीत जाते, आणि लिटरमागे सुमारे १५ ग्रॅमची वाढ होते. पालटाने त्यातील काही भाग निघून गेला तरी पाणी समुद्राहून पुष्कळ खारट होते. उलट, पालटासाठी गोडे पाणी घातले तर चार आठवड्यांत क्षारता ३५ वरून सुमारे २३ वर येते. ते पाणी धड समुद्राचे नाही, धड नदीचे नाही, मचूळच. दोन्ही प्रकारांत मासे दगावतात, आणि मालक मात्र दोष माशांच्या जातीस देतो. पहिल्या प्रकारात क्षारांचा खर्चही दुप्पट होतो, ते निराळेच.

३. ऋतूंप्रमाणे बदलणारा खर्च

समुद्रातील बहुतेक शोभेच्या माशांना २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. नंदुरबारात मे महिन्यात पारा ४० च्या पुढे जातो. अशा वेळी पृष्ठभागावर लहान पंखा लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. एक लिटर पाणी उडताना सुमारे २४ लक्ष ज्यूल उष्णता घेऊन जाते. दिवसाला दोन लिटर उडाल्यास ५६ वॉट शक्तीने अखंड उष्णता काढल्यासारखे होते, आणि हे काम सहा वॉटचा पंखा करतो.

तथापि माठातले पाणी वैशाखात जसे गार होते तसे श्रावणात होत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे. हवा ४० अंश व आर्द्रता २० टक्के असता बाष्पीभवनाने पाणी सुमारे २२ अंशांपर्यंत उतरू शकते. हवा ३० अंश व आर्द्रता ८५ टक्के असता ते २८ च्या खाली जाणे कठीण. म्हणून भर उन्हाळ्यात पंखा पुरतो, पण पावसाच्या उकाड्यात तो अपुरा पडून शीतयंत्राची गरज भासते. शीतयंत्र काढलेली उष्णता त्याच खोलीत सोडते, त्यामुळे बंद खोलीत त्याचे तास वाढतात. हिवाळ्यातील गार रात्री याउलट पाणी तापविण्याचा खर्च असतो.

विजेचा हिशेब असा मांडता येतो. पंप २५ वॉट व फेस काढणारे यंत्र १२ वॉट चोवीस तास, आणि दिवा ६० वॉट आठ तास, असे धरल्यास महिन्याला सुमारे ४१ युनिटे होतात. उन्हाळी पंख्याची त्यात ४ युनिटे वाढतात. १८० वॉटचे शीतयंत्र रोज आठ तास चालल्यास ४३. १०० वॉटचा तापक सहा तास चालल्यास १८. म्हणजे एकाच पेटीचा वीजवापर ऋतुमानाप्रमाणे ४५, ८४ व ५९ युनिटे असा बदलतो. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घरगुती वीजदर टप्प्यांनी चढत जातो. मत्स्यालयाची युनिटे घराच्या मूळ वापरावर चढत असल्याने त्यांस सरासरी दर लावणे चुकीचे आहे. ती ज्या वरच्या टप्प्यात पडतात तोच दर लावावयास हवा.

केवळ रीत समजावी म्हणून युनिटास १० रुपये, क्षारमिश्रणास किलोमागे ३०० रुपये आणि खाद्य, चाचण्या व गाळणसाहित्य मिळून ५०० रुपये असे दर कल्पिले, तर क्षारांचे ६८४ धरून उन्हाळ्यात सुमारे १,६३४, शीतयंत्र लागणाऱ्या महिन्यात २,०२४ आणि हिवाळ्यात १,७७४ रुपये येतात. वाचकाने आपले दर घालून हीच बेरीज करावी. मात्र ऐपत ठरविताना सरासरीवर न विसंबता सर्वांत जड महिना धरावा. मासे सरासरी महिन्यात जगत नाहीत. ते प्रत्येक महिन्यात जगतात.

वीज गेल्यावर काय, हाही खर्चाचाच प्रश्न आहे. २५ अंशांस एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.७, पाणी तापले की तो आणखी घटतो. म्हणून बॅटरीवर चालणारा हवापंप ही चैन समजू नये.

४. बिलात न दिसणारा खर्च

विंधनविहिरीचे जड पाणी भरीसाठी वापरल्यास पाणी उडते आणि त्यातील विरघळलेले पदार्थ दर महिन्याला पेटीत साठत जातात. म्हणून शुद्धीकरणयंत्राचे पाणी घ्यावे लागते. घरगुती यंत्र एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी टाकून देते असे धरले, तर भर व पालट मिळून १२० लिटरांसाठी २४० ते ३६० लिटर पाणी बाजूस पडते. ज्या जिल्ह्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते, तेथे हे पाणी धुण्याभांड्यांस वापरणे एवढे तरी कर्तव्य ठरते.

पालटाच्या जुन्या पाण्याचे मात्र तसे नाही. त्यातून महिन्याला दोन किलोंहून अधिक क्षार बाहेर पडतात. ते परसात ओतल्यास काळ्या जमिनीत सोडियम साठतो, मातीचे कण विखुरतात, आणि पाण्याचा निचरा मंदावतो. हे पाणी झाडांना, विहिरीजवळ वा नाल्यात न टाकता गटारातच सोडावे.

तात्पर्य, ‘महिन्याला किती?’ या एका प्रश्नाऐवजी चार प्रश्न विचारावेत : भर किती, पालट किती, कोणत्या ऋतूत, आणि टाकलेले पाणी कोठे जाते? त्यांची उत्तरे मोजपट्टीने, तराजूने व वीजमापकाने घरच्या घरी मिळू शकतात. ती मिळविल्यावर ज्यास हा शौक पेलणार नाही असे दिसेल, त्याने गोड्या पाण्याचे मासे पाळावेत. पेटी आणण्यापूर्वी हे कळले, तर त्याचे पैसे वाचतील, आणि एरवी पहिल्याच उकाड्यात दगावले असते ते मासेही वाचतील.