कुलूपबंद घरं, वाढत्या चुली

2001 ते 2011 या दशकात औरंगाबाद जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 29 लाखांवरून 37 लाखांवर गेली. वाढ जवळपास 28 टक्के, राज्याची मात्र 16. या वाढीत शहराचा आणि वाळूजसारख्या औद्योगिक पट्ट्याचा वाटा मोठा. त्यामुळे जिल्ह्याच्या आकड्यावरून वैजापूर तालुक्यातल्या खेड्यांचा अंदाज बांधणं चुकीचं ठरेल.

खेड्यातली घरांची गरज समजायची तर चुली मोजाव्या लागतात. जनगणनेत एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. धाब्याच्या घरात दोन भाऊ वेगळे झाले, मध्ये भिंत उभी राहिली, धाकट्याने मागच्या पडवीवर पत्रे टाकून गॅस मांडला, की माणसं तेवढीच राहून कुटुंबं दोन होतात. म्हणूनच लोकसंख्या फारशी न वाढताही घरकुलाच्या याद्या लांबत जातात. प्रधानमंत्री आवास योजनेच्या नियमात घराला किमान 269 चौरस फूट आणि सपाट प्रदेशात 1.20 लाख रुपये, तेही हप्त्यांनी. माझ्या मते आजच्या भावात ते अपुरेच.

दुसरीकडे, ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरांना कुलपं. 2011ची शिरगणती 9 ते 28 फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन गाळप हंगामात. तो सगळा काळ बाहेर असलेला ऊसतोड मजूर कारखान्याच्या परिसरातच मोजला जातो, गावात नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख 1 मार्च 2027 आहे. तेव्हाही कोयते फडातच असतील. रेशन, पाणी, शाळेचं नियोजन करताना ही माणसं गावची म्हणून धरलीच पाहिजेत.