पोहोच आणि रुजुवात : उतरत्या विमानातील संभाषणाविषयी

ठाण्याची खाडी ओलांडून मुंबईच्या धावपट्टीकडे उतरणाऱ्या विमानातील प्रवाशाच्या मनात वैमानिक-कक्षाचे जे चित्र असते, त्यात मुख्य वैमानिक विमान हाकीत असतो, सहवैमानिक त्याच्या दिमतीला बसलेला असतो आणि जमिनीवरचा नियंत्रक एकामागून एक हुकूम सोडून त्या दोघांना सुखरूप खाली आणीत असतो. हे चित्र तिन्ही अंगांनी सदोष आहे. आणि ज्या दुर्घटनांनी ते सदोष ठरविले त्यांत शेकडो माणसांचे प्राण गेलेले असल्यामुळे, ते दुरुस्त करून घेणे मला अगत्याचे वाटते.

वस्तुतः विमान चालविण्याचे काम दोघे वैमानिक सामान्यतः फेरीगणिक आलटून पालटून पत्करतात. सहवैमानिक विमान चालवीत असेल त्या फेरीत रेडिओवर बोलणे, तपासयादी वाचणे आणि वेग, उंची वा मार्ग यांत तफावत पडताच ती मोठ्याने सांगणे हे मुख्य वैमानिकाचे काम ठरते. अंतिम अधिकार मात्र त्याच्याकडेच राहतो. या देखरेखीतून लक्ष ढळले की काय होते, ते 1974 साली दिसले : अमेरिकेतील शार्लट येथे उतरू पाहणाऱ्या एका विमानात अवांतर गप्पा जवळजवळ अखेरपर्यंत चालू राहिल्या आणि विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले. पुढे 1981 मध्ये त्या देशाने 10,000 फुटांच्या खाली कामाव्यतिरिक्त बोलण्यास मनाई केली.

‘रॉजर’ हा शब्द लोक होकारार्थी समजतात. तो होकार नव्हे, केवळ पोहोच आहे : तुमचा निरोप मला संपूर्ण मिळाला, इतकाच त्याचा अर्थ. म्हणूनच उंची, दिशा किंवा उतरण्याची परवानगी यांना नुसते ‘रॉजर’ म्हणून भागत नाही. वैमानिकाने ती आज्ञा आकड्यांसह परत उच्चारावयाची आणि नियंत्रकाने ती मूळ आज्ञेशी ताडून पाहावयाची. जुन्या कचेऱ्यांत अस्सल दस्तऐवज आणि नक्कल शेजारी ठेवून जी रुजुवात होत असे, त्याच जातीची ही रुजुवात आहे. शिवाय हा रेडिओ म्हणजे दूरध्वनी नव्हे. त्यावर एका वेळी एकानेच बोलावयाचे असते. दोघे एकदम बोलले, तर इतरांच्या कानी बहुधा एक कर्कश शीळ तेवढी पडते. 27 मार्च 1977 रोजी तेनेरीफच्या धावपट्टीवर अशाच शिळेत इशाऱ्याचे शब्द बुडाले, आणि दोन विमानांच्या टकरीत 583 माणसे मृत्युमुखी पडली.

चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर झाली, त्या दुर्घटनेविषयी आपल्याकडे एकच वाक्य प्रचलित आहे : कझाक वैमानिकांना इंग्रजी येत नव्हते. लाहोटी चौकशी आयोगानेही भाषेच्या अपुऱ्या ज्ञानाला दोष दिला हे खरे. परंतु तेवढ्यावर थांबणे म्हणजे निवाडा अर्धाच वाचणे होय. 12 नोव्हेंबर 1996 च्या संध्याकाळी शिमकेंतहून आलेले इल्युशिन विमान दिल्लीकडे उतरत असता त्याला 15,000 फुटांची मर्यादा घालून दिली होती, आणि दिल्लीहून निघालेल्या सौदी बोईंगला 14,000 फुटांची. समोरून विमान येत असल्याची सूचनाही नियंत्रकाने दिली होती. तथापि कझाक विमानात नियंत्रकाशी बोलण्याचे काम स्वतंत्र रेडिओ ऑपरेटरकडे होते, आणि उंचीमापक होते वैमानिकांसमोर. आज्ञा ऐकणारा कान एकाचा, आकडा पाहणारा डोळा दुसऱ्याचा, आणि या दोहोंची रुजुवात करण्याची जबाबदारी निश्चितपणे कोणाचीच नाही, अशी ती व्यवस्था होती. माझ्या मते भाषेच्या उणिवेला प्राणघातक केले ते या व्यवस्थेने. दिल्लीच्या रडारवर त्या काळी विमानाची उंची उमटत नसे, त्यामुळे नियंत्रकालाही ऐकलेल्या आकड्यावरच विसंबावे लागे. मर्यादा ओलांडली गेल्याचे अखेरच्या क्षणी ध्यानात आले ते रेडिओ ऑपरेटरच्याच. पण तोवर फार उशीर झाला होता. दोन्ही विमानांतील 349 जणांपैकी एकही वाचला नाही. त्यानंतर भारतात टकरीचा इशारा देणारे यंत्र विमानांत सक्तीचे झाले.

दुसरा समज याहून खोल रुजलेला आहे : संकटात सापडलेला माणूस ते बोलून दाखविणारच, आणि ऐकणाऱ्याला ते स्वरावरून उमगणारच. 25 जानेवारी 1990 रोजी कोलंबियाहून न्यूयॉर्कला आलेले आव्हियांका कंपनीचे बोईंग 707 खराब हवेमुळे तासाहून अधिक काळ घिरट्या घालीत राहिले, आणि उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला तेव्हा त्याचे इंधन संपत आले होते. आपण आणीबाणीत आहोत असे नियंत्रकाला कळवा, असे मुख्य वैमानिकाने स्पॅनिशमध्ये सांगितले. सहवैमानिकाने रेडिओवर कळविले ते, पुन्हा प्रयत्न करतो, आमचे इंधन संपत आले आहे, एवढेच. मुख्य वैमानिकाने विचारले, सांगितले का? त्याने उत्तर दिले, सांगितले. त्या तरुणाने असत्य सांगितले असे मला वाटत नाही. आपल्या शब्दांतून अर्थ पोहोचला अशी त्याची समजूत असावी. परंतु विलंबाने ग्रासलेल्या त्या रात्री अशा मोघम वाक्याने नियंत्रकांचा क्रम बदलला नाही. ‘मेडे’ हा शब्द तीनदा उच्चारताच इतर सारी वाहतूक बाजूला सारून वाट मोकळी केली जाते. तो शब्द उच्चारला गेलाच नाही. विमान लाँग आयलंडवर कोसळले आणि 158 पैकी 73 जण मरण पावले.

नियंत्रकाचा शब्द म्हणजे फर्मान, हा समजही टिकणारा नाही. सुरक्षिततेच्या कारणास्तव ‘अनेबल’, म्हणजे हे जमणार नाही, असे उत्तर देण्याची मुभा वैमानिकाला आहे. तसेच धावपट्टीजवळ आलेले विमान एकाएकी गर्जना करीत पुन्हा वर चढू लागले, तर प्रवासी त्याला अपयश समजतात. वास्तविक तो ‘गो-अराउंड’ नावाचा, शिकविलेला आणि वारंवार गिरविलेला विधी आहे. 22 मे 2010 रोजी मंगळुरू येथे सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’ ही सूचना तीनदा केली होती. ती मानली गेली नाही, आणि 158 जणांचा अंत झाला. आज अनेक कंपन्यांत ही सूचना कोणाही वैमानिकाने केली तरी ती बंधनकारक असते.

ढगाळ हवेत नेहमीच्या उपकरणांच्या साह्याने उतरणारे विमान धावपट्टीच्या पातळीपासून साधारणतः 200 फुटांवर आले की, ‘मिनिमम्स’ अशी घोषणा होते. चालविणाऱ्याला धावपट्टी वा तिचे दिवे दिसत असतील तर तो उतरत असल्याचे सांगतो, नसतील तर ‘गो-अराउंड’ म्हणतो; आणि दोनदा पुकारूनही त्याच्याकडून काहीच उत्तर आले नाही, तर शेजारी बसलेला वैमानिक, मग तो हुद्द्याने धाकटा का असेना, विमान आपल्या हाती घेतो.